जखम धुण्यापासून टाके निघेपर्यंत: कोणत्या दिवशी काय करायचं, काय नाही

ड्रेसिंगला येणाऱ्या बऱ्याच जखमा मुळात चिघळण्यासारख्या नसतात. औषध लावलेलं असतं, पट्टीही असते, फक्त वेळ चुकलेली असते. पहिल्या दिवशी भरपूर धुवायची जखम झाकून ठेवलेली असते आणि आठव्या दिवशी जिला हातही लावायचा नाही, ती रोज घासली जाते. म्हणून हा लेख औषधांच्या नावांनी न मांडता दिवसांच्या क्रमाने मांडला आहे. हाताला लागलेला काप, गाडीवरून पडून सोललेला गुडघा, चालून आलेले फोड, ऑपरेशनचे टाके आणि शुगरवाल्यांचा पाय, एवढ्यांसाठी तो आहे. अपघातात मोठं लागलं असेल तर वाचत बसू नका, १०८ ला फोन करा.

## आधी शरीराचं वेळापत्रक

जखम भरण्याचे चार टप्पे असतात आणि ते एकमेकांवर चढलेले असतात. एक संपला की दुसरा सुरू, असं होत नाही.

पहिली काही मिनिटं. रक्तवाहिनी आकसते, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स चिकटतात, फायब्रिन नावाच्या धाग्यांची जाळी तयार होते, रक्त थांबतं. याच प्लेटलेट्स पुढच्या पेशींना बोलावणारी रसायनंही सोडतात.

साधारण पहिले चार ते सहा दिवस. सूज, लाली, ऊब, ठणका. आधी न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येऊन जंतू मारतात. दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज येतात, मेलेल्या पेशींचा कचरा खातात आणि दुरुस्तीच्या पेशींना कामाला लावतात. ही सूज हवीच असते. ‘लाल झालंय, अँटिबायोटिक द्या’ ही घाई बहुतेक वेळा याच दिवसांत होते.

चौथ्या दिवसापासून साधारण तीन आठवडे. फायब्रोब्लास्ट नावाच्या दुरुस्तीच्या पेशी कोलॅजन (त्वचेला ताकद देणारे प्रथिनाचे धागे) घालतात, नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, जखमेचा तळ लालभडक आणि दाणेदार दिसू लागतो. कडेच्या त्वचेच्या पेशी ओल्या पृष्ठभागावरून सरकत सरकत मध्याकडे येतात. जखम स्वतःला आत ओढून लहानही होते.

तीन आठवड्यांपासून वर्षभर, कधी जास्तही. घाईने घातलेलं कोलॅजन मोडून त्याजागी जास्त मजबूत कोलॅजन बसतं. वरून बरी दिसणारी जखम आतून अजून कच्चीच असते.

## टप्पा ०: लागण्याआधीची तयारी

जखम झाल्यावर मेडिकल शोधायला निघालेला माणूस वाटेत मिळेल ते फडकं बांधतो. घरात एक डबा तयार ठेवा: नॉर्मल सलाईनच्या छोट्या बाटल्या, निर्जंतुक गॉजची पाकिटं, न चिकटणारी पॅराफिन गॉज, रोलर बँडेज, कागदी चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीन, पेट्रोलियम जेली, हातमोजे, स्वच्छ कात्री. कापसाचा बंडल या डब्यात नको. त्याचे तंतू जखमेत अडकतात आणि शरीर त्यांच्याशी महिनाभर भांडत बसतं.

पाण्याचं काय? आपल्याकडे सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी बॅरल आणि टाक्या भरलेल्या असतात. पिण्याजोगं वाहतं पाणी जखम धुवायला चालतं. चार दिवस साठवलेलं, तांब्या बुडवून बुडवून काढलेलं बॅरलचं पाणी चालत नाही. ते उकळून गार करा. सलाईन घरी करायचं तर अर्धा लिटर पाणी झाकण ठेवून दहा मिनिटं उकळा, सपाट पाऊण चमचा मीठ (साधारण साडेचार ग्रॅम) विरघळवा, गार झालं की वापरा. झाकून फ्रीजमध्ये ठेवलं तर २४ तास, त्यानंतर ओतून द्या. चमचा चहाचा, पाच मिलीचा. मीठ जास्त पडलं तर जखम झोंबतेही आणि पेशी सुकतातही.

शहराच्या पूर्व भागातल्या कापड कारखान्यांत हा डबा यंत्रमागासमोर हाताशी हवा. ऑफिसच्या कुलुपात असलेला डबा नसल्यासारखाच.

## टप्पा १: रक्त थांबवणे

१. हात धुवा किंवा हातमोजे घाला. घाई असेल तर जखमी माणसाला स्वतःच्याच हाताने दाबायला सांगा.

२. स्वच्छ गॉज किंवा इस्त्रीचा रुमाल ठेवून सलग दहा मिनिटं दाबा. घड्याळ लावा. ‘थांबलं का बघू’ म्हणून मध्ये उचलून पाहिलं की धरलेली गुठळी निघते आणि मोजणी पुन्हा शून्यावर येते. गॉज भिजला तर त्यावरच दुसरा ठेवा, पहिला काढू नका.

३. हात किंवा पाय छातीपेक्षा वर धरा.

४. बोटाला लागलं असेल तर अंगठी लगेच काढा, मनगटाला लागलं तर बांगड्या आणि घड्याळ. तासाभराने सूज आली की अंगठी कापावी लागते.

मागावर काम करताना लागलं की यंत्र पुसायची तेलकट चिंधी बोटाला गुंडाळायची सवय जुनी आहे. विड्या वळताना कात्री लागली की चिमूटभर तंबाखू दाबतात. रक्त दोन्हींनी थांबतं, कारण दाब पडतो. पण तेल, धूळ आणि तंबाखूचा भुगा जखमेच्या आत जातो आणि नंतर काढता काढता नाकी नऊ येतात. दाब हेच औषध आहे. चुना, कॉफी पावडर, हळद याने त्यात काही भर पडत नाही.

थांबा: काच, खिळा, लाकूड खोल रुतलं असेल तर उपसू नका. आजूबाजूने आधार देऊन तसंच दवाखान्यात न्या.

## टप्पा २: घरी की दवाखान्यात?

हा निर्णय धुण्याच्या आधी नाही तर निदान सोबत घ्यायचा. खालचं एकही असेल तर घरी पट्टी बांधून झोपू नका:

- पंधरा मिनिटं नीट दाबूनही रक्त थांबत नाही
- कडा फाकल्या आहेत, आत पिवळी चरबी दिसते
- जखमेच्या पुढचं बोट वाकत नाही, सरळ होत नाही किंवा बधिर आहे (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, म्हणजे टेंडन, किंवा मज्जातंतू तुटल्याची खूण, आणि ही वरून छोट्या दिसणाऱ्या कापातही सापडते)
- चेहरा, सांधा, गुप्तांग
- खिळ्याची किंवा काट्याची खोल, अरुंद जखम
- कुठल्याही प्राण्याचा किंवा माणसाचा चावा
- शुगरवाल्याच्या पायाची कुठलीही जखम, कितीही छोटी

टाके घालायचे असतील तर पहिल्या सहा ते बारा तासांत गेलेलं बरं. चेहऱ्याला रक्तपुरवठा चांगला असतो, तिथे २४ तासांपर्यंतही चालून जातं. ‘उद्या सकाळी बघू’ म्हटलेली जखम सकाळी डॉक्टर शिवेलच असं नाही. जंतू आत बंद होऊ नयेत म्हणून ती उघडी ठेवून भरू द्यावी लागते.

धनुर्वाताची सुई. दर सहा महिन्यांनी घ्यायची ही समजूत सोडा. आधीचे डोस पूर्ण असतील तर स्वच्छ छोट्या जखमेला शेवटचा डोस १० वर्षांच्या आतला पुरतो. मातीच्या, शेणाच्या, खोल जखमेला ५ वर्षं उलटली असतील तर घ्यायची. लहानपणीचे डोसच झाले नसतील तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, मग वेगळं इंजेक्शनही लागू शकतं.

कुत्रा चावला तर क्रम वेगळा आहे. आधी साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मग पोव्हिडोन आयोडीन लावा. पट्टी बांधू नका, मिरची-चुना भरू नका. त्याच दिवशी लसीला जा. सरकारी दवाखान्यात ती मोफत असते. त्वचेत द्यायच्या पद्धतीत दिवस ०, ३, ७, २८ आणि दंडात द्यायच्या पद्धतीत ०, ३, ७, १४, २८. रक्त आलं असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते द्यायचं का हे स्वतःहून विचारा. तिसऱ्या डोसनंतर ‘आता काही होत नाही’ म्हणून सोडणारे खूप. तसं करू नका.

भाजलं तर २० मिनिटं थंड वाहतं पाणी. तीन तासांच्या आत केलं तरी उपयोग होतो. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. इथे सोलापूरची एक खास अडचण आहे: मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून चटका बसेल इतकं गरम येतं. हाताने तपासा. तसं असेल तर खालच्या हौदाचं किंवा माठाचं पाणी तांब्याने संथ धारेत सोडत राहा.

## टप्पा ३: धुणे, आणि तेही पहिल्याच दिवशी

सगळ्या लेखातला एकच टप्पा जपायचा असेल तर हा. जखमेत राहिलेली माती आणि मेलेलं मांस जंतूंना घर देतं. पुढची कुठलीही महागडी ट्यूब ती चूक भरून काढत नाही.

१. जखमेच्या आजूबाजूची त्वचा साबणाने धुवा. साबण जखमेत जाऊ देऊ नका.

२. सलाईनच्या प्लॅस्टिक बाटलीच्या टोकाला निर्जंतुक सुईने एक भोक पाडा आणि बाटली दाबून धार मारा. नुसतं ओघळू दिलं तर माती निघत नाही. फार जोर लावला तर ती आत जाते. हाताला दाब जाणवेल पण पाणी उडून तोंडावर येणार नाही, इतकी धार ठेवा.

३. जखमेच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने. दोन-तीन इंचांच्या जखमेला २०० ते ३०० मिली वापरायला मागेपुढे पाहू नका.

४. रस्त्यावर घासून सोललेल्या जखमेत डांबराचे काळे कण राहिले तर त्वचा त्यांच्यावरूनच भरून येते आणि गोंदल्यासारखे डाग कायमचे राहतात. ओल्या गॉजने हलकेच पुसून काढा. निघत नसतील तर डॉक्टर बधिर करून काढतील, आणि ते त्याच दिवशी व्हायला हवं.

५. भोवतीची त्वचा गॉजने टिपून कोरडी करा. जखम कोरडी करायची नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइड फसफसतं तेव्हा लोकांना वाटतं जंतू मरतायत. मरतात थोडे, पण सोबत फायब्रोब्लास्टही मरतात. स्पिरिट आणि पाणी न मिसळलेलं डेटॉल यांचं तेच. पोव्हिडोन आयोडीन भोवतीच्या त्वचेला लावा. मातीच्या जखमेला पहिल्या दिवशी एकदा चालेल. गुलाबी तळावर रोज ओतायचं नाही.

हळदीबद्दल विचारणारे रागावतात, तरी सांगतो. हळदीतल्या कर्क्युमिनमध्ये सूज कमी करणारे गुण आहेत, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, तिच्यात भेसळ असू शकते आणि तिच्या थराखाली पू झाला तर दिसतच नाही. दुधातून प्या. स्वयंपाकघरातल्या मधाचंही तसंच. जखमेसाठी निर्जंतुक केलेला मध वेगळा मिळतो.

तपासा: धुतल्यावर टॉर्च मारून तळ पाहा. कण दिसतो? पुन्हा धुवा.

## टप्पा ४: झाकणे

‘हवा लागू द्या, खपली धरू द्या’ हा सल्ला आजही डॉक्टरी दारातून बाहेर पडल्या पडल्या जिन्यावरच मिळतो. खपली धरली की कडेच्या नव्या पेशींना तिच्याखालून, ओलावा शोधत, खोदत जावं लागतं. तळ ओलसर ठेवला तर त्या सरळ सरकतात. १९६२ साली डुकरांवर झालेल्या प्रयोगात झाकलेल्या ओलसर जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने चढली. बांधकामावर कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळतात, त्याला उन्हात तडकू देत नाहीत आणि हौदातही बुडवत नाहीत. जखमेला तेवढीच ओल हवी.

थर या क्रमाने:

१. पहिला, जखमेला टेकणारा: पॅराफिन गॉज, किंवा साध्या गॉजला पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. जखमेच्या आकाराएवढा कापा. भोवतीच्या चांगल्या त्वचेवर ओली गॉज पसरली की ती पांढरी पडून फुगते आणि जखम वाढते.

२. दुसरा, शोषणारा: कोरड्या गॉजच्या घड्या. स्राव जास्त तर घड्या जास्त.

३. तिसरा, धरून ठेवणारा: बँडेज किंवा कागदी पट्टी. एप्रिल-मेमध्ये घामाने चिकटपट्टी सुटते, मग लोक ती बोटाभोवती गोल आवळतात. बोटाला पट्टी गोल आवळायची नाही, तिरकी न्यायची.

तपासा: नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. बोट निळं, गार किंवा मुंग्या आलेलं असेल तर लगेच सोडून सैल बांधा.

अँटिबायोटिक पावडरीचा इथे फारसा उपयोग नाही. स्रावात भिजून तिचा थर कडक होतो आणि पुढच्या वेळी खरवडावा लागतो. घरात पडलेली ‘खाजेची ट्यूब’ तर मुळीच नको. अशा ट्यूबमध्ये बहुधा स्टिरॉइड असतं, आणि ते वर सांगितलेली सूज आणि कोलॅजन दोन्ही दाबून टाकतं.

चालून आलेले फोड. कोजागरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांसाठी वेगळं लिहितो, कारण फोड सोलण्याची हौस तिथे फार. फोडाची वरची कातडी हेच सर्वांत चांगलं ड्रेसिंग आहे. छोटा असेल तर हात लावू नका. मोठा, ताणलेला आणि पुढे चालायचंच असेल तर निर्जंतुक सुईने कडेला, खालच्या बाजूला टोचून पाणी काढा, कातडी तशीच बसू द्या, वर गॉज लावा. शुगर असेल तर टोचू नका, चालणं थांबवा.

## टप्पा ५: पट्टी बदलणे

स्वच्छ धुऊन झाकलेली जखम पहिल्या २४ ते ४८ तासांत उघडून पाहायची गरज नसते. त्यानंतर साध्या जखमेला दोन-तीन दिवसांनी एकदा पुरतं. पट्टी वरपर्यंत भिजली, घाण झाली, वास आला किंवा दुखणं वाढलं तर त्याच दिवशी. ‘रोज ड्रेसिंग’ हा नियम पू असलेल्या जखमांचा आहे, तो सगळ्यांना लावला गेला.

क्रम असा: हात धुवा, नवीन साहित्य आधी उघडून मांडा, मग जुनी पट्टी सोडा. गॉज चिकटली असेल तर ओढू नका. सलाईन ओता, पाच मिनिटं थांबा, आपोआप सुटते. एका झटक्यात ओढणाऱ्यांना ‘शूर’ म्हणतात, पण त्या झटक्यासोबत चार दिवसांत सरकत आलेल्या पेशींची ओळ निघून येते आणि तळावर रक्ताचे टिपके उठतात. ते टिपके म्हणजे तुमचे चार दिवस. नंतर सलाईनने हलकं धुणं, घासणं नाही. बघा, मोबाईलवर एक फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून लांबी-रुंदी लिहा. मग थर पुन्हा त्याच क्रमाने.

तळाचा रंग असा वाचा:

- लालभडक, दाणेदार, ओलसर: चांगला. हात लावू नका.
- कडेने फिकट गुलाबी, चकचकीत: नवी त्वचा. हिला सर्वांत जास्त जपा.
- पिवळा, चिकट थर: हा पूच असतो असं नाही. मेलेल्या पेशींचा थर असतो, तो निघाला पाहिजे, पण तुमच्या नखाने नाही.
- काळा, कडक: मेलेलं मांस. दवाखाना.
- फिकट, पांढुरका तळ: रक्त पोचत नाही.

तपासा, पेनाची रेघ: लालीच्या कडेवर बॉलपेनने रेघ ओढा. बारा तासांनी लाली रेघेबाहेर गेली, तिसऱ्या दिवसानंतर ठणका कमी होण्याऐवजी वाढला, ताप आला, घाण वास आला किंवा लाल रेघ हात-पायावर वर चढताना दिसली तर संसर्ग धरून चाला आणि जा. यातलं काही नसेल तर अँटिबायोटिकच्या गोळ्या स्वतःहून आणू नका.

## टप्पा ६: टाके

चेहरा ४ ते ५ दिवस, डोकं ७ ते १०, पोट-छाती ७ ते १०, हात-पाय आणि सांधे १० ते १४. हे साधारण दिवस, डॉक्टर सांगतील ते खरे. लवकर काढले तर जखम उसवते, फार उशिरा काढले तर टाक्यांच्याच खुणा राहतात. ४८ तासांनंतर, डॉक्टरांनी हो म्हटलं तर, टाक्यांवरून अंघोळीचं पाणी गेलेलं चालतं. बादलीत बुडवून बसणं, विहिरीत उडी मारणं चालत नाही. टाके निघालेल्या दिवशीच पोतं उचलणाऱ्यांसाठी आकडा शेवटच्या टप्प्यात आहे.

## टप्पा ७: शुगरचा पाय आणि मागासमोरचा पाय

शुगर वाढलेली असताना न्यूट्रोफिल आळशी होतात, बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि पायाची संवेदना जाते. तिसरी गोष्ट सर्वांत घातक. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो. एप्रिलच्या दुपारी सिद्धेश्वराच्या आवारातल्या फरशीवरून अनवाणी दर्शन घेऊन आलेल्या माणसाच्या तळव्याला संध्याकाळी मोठाले फोड दिसतात आणि त्याला चटका बसल्याचं आठवतही नाही. दर्शन सकाळी सूर्य चढायच्या आत घ्या किंवा जाड मोजे घाला. देवाची हरकत नसावी.

१. रोज रात्री पाय बघा: तळवा, टाचा, बोटांच्या बेचक्या. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवा, नाहीतर सूनबाईंना किंवा नातवाला दाखवा.

२. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवा. खडा, खिळ्याचं टोक असतं आणि पायाला कळत नाही.

३. गरम पाण्याचा शेक बंद. अंघोळीचं पाणी हाताच्या कोपराने तपासा.

४. घट्टे ब्लेडने कापू नका, मेडिकलमधली कॉर्नची पट्टी लावू नका. तिच्यात सॅलिसिलिक अॅसिड असतं, ते चांगली त्वचाही खातं.

५. तळव्याला जखम झाली तर तिच्यावर वजन टाकणं बंद. ड्रेसिंग कितीही भारी असू द्या, प्रत्येक पावलाला नवीन पेशी चिरडत असतील तर ती भरणार नाही. डॉक्टर खास प्लॅस्टर किंवा वजन उतरवणारा बूट देतात. ‘घरातल्या घरात तर चालतो’ हेही चालणंच आहे.

वर्षातून एकदा १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंट तारेने संवेदना तपासून घ्या. दोन मिनिटं लागतात.

दुसरा प्रकार बारा-बारा तास उभं राहणाऱ्या कामगारांचा. आतल्या घोट्याच्या वर त्वचा तपकिरी पडते, पाय संध्याकाळी सुजतो, शिरा फुगतात आणि एके दिवशी खाजवून जखम होते. ती वर्षानुवर्षं राहते, कारण शिरांमधल्या खराब झालेल्या झडपांमुळे रक्त पायात साचतं. इथे मलमाला दुय्यम स्थान. घोट्यापासून वर चढत जाणारं दाबाचं बँडेज आणि पाय उंच, हे खरं औषध. दिवसातून तीन-चार वेळा अर्धा तास पाय छातीच्या वर ठेवून पडा. उभं असताना टाचा वरखाली करत राहा.

थांबा: दाबाचं बँडेज बांधण्याआधी पायाच्या धमन्यांचा रक्तपुरवठा तपासलाच पाहिजे. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून गुणोत्तर काढतात. धमनी बंद असलेल्या पायाला दाब दिला तर पाय काळा पडतो.

मावा, गुटखा, बिडी: निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं, धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा घेतो. जखम भरेपर्यंत तरी थांबवा.

## टप्पा ८: जखम अडली तर

मोजायची पद्धत सोपी. लांबी गुणिले रुंदी. आज ३ बाय २ सेंटिमीटर म्हणजे ६. चार आठवड्यांनी ती निम्मी, म्हणजे ३ किंवा कमी व्हायला हवी. शुगरच्या पायाची जखम तेवढी कमी झाली नसेल तर तेच उपचार पुढे रेटून ती भरण्याची शक्यता कमी असते, उपचार बदलावे लागतात. तीन महिन्यांवर राहिलेल्या, कडा जाड झालेल्या जखमेचा तुकडा तपासणीला पाठवायला सांगा. जुनाट जखमेत कर्करोग होऊ शकतो.

प्रगत उपचारांबद्दल लोक नावं ऐकून येतात: ‘ते प्लेटलेटवालं करा’, ‘व्हॅक लावा’. करतीलही, पण क्रम पाळून:

१. रक्त पोचतं का? नसेल तर आधी धमनी मोकळी करणं.

२. संसर्ग, हाडाचा संसर्ग आहे का? एक्स-रे, कल्चर (कोणते जंतू आहेत ते पाहणारी तपासणी).

३. मेलेलं मांस काढणं. हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. ‘डॉक्टर दर वेळी कापतात, जखम मोठी केली’ ही तक्रार ऐकू येते. मेलेला भाग काढल्याने जखमेचा खरा आकार दिसतो एवढंच.

४. दाब उतरवणं किंवा दाब देणं, वर सांगितल्याप्रमाणे.

५. इतकं झाल्यावर मग ड्रेसिंगची निवड. स्राव खूप तर अल्जिनेट किंवा फोम, कमी तर हायड्रोकोलॉइड, संसर्ग असेल तर चांदीयुक्त. चांदी दोन आठवड्यांनी थांबवायची की नाही हे विचारा, महिनोन्‌महिने लावायची नसते.

६. खोल खड्डा असेल तर व्हॅक: स्पंज, वर हवाबंद पातळ प्लॅस्टिक आणि पंपाने साधारण उणे १२५ मिलिमीटर पाऱ्याचं खेचणं. स्राव ओढला जातो, सूज उतरते, दाणेदार तळ लवकर येतो. पंप तासन्‌तास बंद राहिला तर स्पंज काढावा लागतो. लाइट गेली की तो किती वेळ बॅटरीवर चालतो, हे घरी नेण्याआधी विचारून घ्या.

७. प्लेटलेट-युक्त प्लाझ्मा (स्वतःचंच रक्त फिरवून काढलेला) आणि ग्रोथ फॅक्टरचं जेल दुरुस्तीच्या पेशींना इशारा देतात. कोलॅजन शीट तयार मचाण देते. तिन्ही स्वच्छ तळावरच. पुवावर लावलेलं महागडं जेल म्हणजे पैसे गटारात.

८. मोठा, सपाट, लाल तळ असेल तर त्वचारोपण. लावलेली त्वचा पहिले चार-पाच दिवस जागची हलता कामा नये, कारण खालून रक्तवाहिन्या त्याच दिवसांत तिला जोडल्या जातात.

दाबाखालचा ऑक्सिजन (बंद कक्षात जास्त दाबाने श्वासातून दिलेला) निवडक शुगरच्या पायांना उपयोगी पडतो, वरच्या पायऱ्या झाल्यावर. सगळ्यांना नाही.

## टप्पा ९: ताटात काय

‘भात खाल्ला की पू होतो, डाळीने चिघळतं, आंबट बंद’ हे ऐकून पेशंट पेज आणि चहावर राहतो, आणि कोलॅजन घालायला शरीराकडे मालच नसतो. मोठ्या जखमेला दर किलो वजनामागे रोज साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. दोन अंडी साधारण १२, वाटीभर घट्ट वरण ६-७, पेलाभर दूध ६-७, मूठभर शेंगदाणे ७, कोरडे ५० ग्रॅम सोयाबीनचे तुकडे २५. म्हणजे भाकरीसोबत शेंगा चटणी नुसती तोंडी लावायला घेऊन भागणार नाही. हुलग्याचं पिठलं, मटकीची उसळ, दही हे रोज हवं. कोलॅजन पक्कं विणायला क जीवनसत्त्व लागतं: आवळा, पेरू, लिंबू. आंबट बंद करणं नेमकं उलटं.

किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. शुगरवाल्यांनी जखम भरेपर्यंत रक्तातली साखर जास्त वेळा तपासावी, कारण संसर्गाने ती वाढते आणि वाढलेल्या साखरेने संसर्ग वाढतो.

## टप्पा १०: बंद झाल्यावर

पहिल्या आठवड्याच्या शेवटी जखमेची ताकद मूळ त्वचेच्या जेमतेम ३ ते ५ टक्के असते. तीन आठवड्यांनी २० टक्क्यांच्या आसपास. तीन महिन्यांनी सुमारे ८०, आणि त्यापुढे ती फारशी वाढत नाही. म्हणून टाके निघाले तरी ताण येणारं काम हळूहळू वाढवा. पोटाच्या ऑपरेशननंतर किती आठवडे वजन उचलायचं नाही, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारखान्यात दाखवायला उपयोगी पडतं.

नव्या व्रणावर ऊन पडू देऊ नका, रंग काळा पडतो. आपल्या उन्हात वर्षभर झाकलेला बरा. त्वचा पूर्ण बंद झाल्यावर, साधारण तीन आठवड्यांनी, साधी जेली लावून बोटाच्या पेराने दिवसातून दोनदा पाच मिनिटं दाबत मालीश करा. व्रण उंच होऊ लागला, खाजू लागला तर सिलिकॉनची शीट रोज किमान १२ तास, दोन ते तीन महिने. व्रण जखमेच्या मूळ कडांबाहेर पसरू लागला तर तो केलॉइड असू शकतो. तो कापून घ्यायची घाई करू नका, नुसता कापला तर बहुधा आधीपेक्षा मोठा परत येतो. त्वचारोगतज्ज्ञ त्यात इंजेक्शन देतात.